तान्ह्या पोळ्याचा बैल गोठ्यात

यंदाही नाताळच्या गोठ्यात सगळ्यांत मोठा बैलच ठरला. योसेफ जेमतेम वीतभर, मरिया त्याहून दोन बोटं कमी, एका मेंढपाळाचा हात मागेच तुटलेला, आणि या सगळ्यांच्या पाठीशी आमच्या लेकाचा लाकडी नंदी उभा. पायाखाली चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर लाल झूल, गळ्यात घुंगरू. त्याची शिंगं छपरात मावेनात म्हणून नवऱ्याने पुठ्ठ्याचं छप्परच वर उचलून पुन्हा चिकटवलं.

हा बैल तान्ह्या पोळ्याचा. विदर्भाबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलाय असं इथे सांगतात. मुलं आपापले लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघरी नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. कोणी पाच रुपये, कोणी दहा, कोणी चॉकलेट. मोठ्यांच्या सणाची लहानांच्या उंचीची आवृत्ती. त्या दिवशी नागपूरच्या गल्ल्यांतून चाकांचा जो खडखडाट चालतो तो ऐकण्यासारखा असतो.

२०२२ च्या डिसेंबरात मी माहेरून आणलेला गोठा मांडत होते. लेक तेव्हा चार वर्षांचा. त्याने सगळ्या मूर्ती मोजल्या आणि विचारलं, "गोठा आहे तर बैल कुठाय?" आमचा बैल घर बदलताना कुठेतरी हरवला होता. लेक काही न बोलता आत गेला, खुर्चीवर चढून कपाटावरचा नंदी काढला आणि आणून योसेफाच्या मागे उभा केला.

रात्री मुलं झोपल्यावर मी तो उचलून परत कपाटावर ठेवला. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही. पण त्या क्षणी मला आईचा तो जुना, नाजूक गोठा जसाच्या तसा हवा होता. त्यात चाकांचा बैल बसत नव्हता. सकाळी लेक उठला, गोठ्यासमोर जाऊन बसला. रडला नाही. नुसतं म्हणाला, "बैल थंडीत बाहेर गेला का?"

मी बैल परत आणला. आणि मग खूप वर्षांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नीट वाचला. बाळाला गव्हाणीत ठेवलं एवढंच तिथे आहे. बैल नाही, गाढवही नाही. ते दोघं आले यशयाच्या पुस्तकातल्या एका ओळीवरून, आणि लोकांच्या मनातून. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसने नाताळचा देखावा उभा केला तेव्हा खरा चारा आणला, खरा बैल आणि खरं गाढव आणून बांधलं. लोकांना तो गोठा डोळ्यांनी दिसावा, त्याचा वास यावा, हीच त्याची इच्छा होती. म्हणजे ज्याला जो बैल मिळाला तो त्याने आणला. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा होता.

माझं माहेर नागपुरातल्या सदर भागातलं. आम्ही मराठी ख्रिस्ती, चार पिढ्यांपासून नागपूरचे. नवरा वर्ध्याचा, त्याच्या घरी गणपती-महालक्ष्म्या. लग्नात दोन्ही घरांनी शहाणपणा दाखवला आणि आम्हाला फारसं काही सोडावं लागलं नाही. पण मुलं झाल्यावर कळलं की सोडायचं नाही एवढ्याने भागत नाही. काहीतरी धरावंही लागतं. माझ्या लहानपणी नाताळ मला कोणी करून दाखवला नव्हता. तो आपोआप घडायचा. घरात वीसेक माणसं, मोठी काकू करंज्यांना, धाकटी चकल्यांना, आजोबा पतंगाचा कागद आणि कामट्या घेऊन चांदणी बांधायला बसलेले. आई केकचं मिश्रण मोठ्या डब्यात भरून बेकरीत भाजायला न्यायची आणि आम्ही भावंडं तो गरम डबा आळीपाळीने पोटाशी धरून घरी आणायचो. रात्री गाणारी मंडळी यायची. गिटार, ढोलकी, कंदील. आता त्या वीसांतले काही पुण्यात, काही परदेशात, काही कबरस्तानात. सदरच्या घरी आई एकटी. आणि मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं.

लेकाचा पहिला नाताळ मला थंडीमुळे लक्षात आहे. २०१८ चा डिसेंबर. २९ तारखेला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि हा अडीच महिन्यांचा. त्या आठवड्यात आम्ही घराबाहेर पडलोच नाही. गोधडीतून फक्त त्याचं नाक दिसायचं. त्या वर्षी आम्ही काहीच केलं नाही, आणि मला फार रिकामं वाटलं.

म्हणून पुढच्या वर्षांत मी पुष्कळ काही करून पाहिलं. कापसाचा बर्फ लावलेलं प्लॅस्टिकचं झाड, चौघांचे एकसारखे स्वेटर, चोवीस खिडक्यांचं चॉकलेटचं कॅलेंडर. एकही गोष्ट टिकली नाही. मुलांनी त्यातलं काहीच पुढच्या वर्षी मागितलं नाही. टिकलं ते वेगळंच, आणि त्यातलं बरंचसं मी ठरवलेलं नव्हतं.

पणत्यांचंच घ्या. दिवाळी संपली की लेक विचारायला लागतो, नाताळला किती दिवस? रोज सकाळी, दात घासता घासता. मला योहान विखर्नची गोष्ट आठवली. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी त्याने एक घर चालवलं होतं. तिथली मुलंही त्याला हेच विचारायची. १८३९ मध्ये त्याने गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रोजच्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या आणि रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या चार लावल्या. रोज एक पेटवायची. आगमनकाळातलं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळातलं, ते चक्र पुढे जगभर गेलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की त्याचं मूळ एका वैतागून न जाणाऱ्या माणसात आहे. मुलं तोच तोच प्रश्न विचारत होती आणि त्याने त्यांना मोजायला काहीतरी दिलं.

गाडीचं चाक माझ्याकडे कुठून येणार? दिवाळीच्या उरलेल्या पणत्या होत्या. पितळी ताटात गहू पसरून त्यात चार पणत्या ठेवल्या. चार रविवार, चार पणत्या. धाकटी तेव्हा पहिल्यांदाच नीट बोलायला लागली होती. ती म्हणाली, "दिवाळी परत आली." मी तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. उजेडाची वाट बघायला शिकवायचं होतं, ती तर बघतच होती.

डिसेंबरच्या वीस-एकवीस तारखेला वर्ध्याची आजी येते. पॅसेंजरने येते, सोबत पिशवीत ताजी तूर, वांगी आणि स्वतःची सोऱ्याची पितळी चकती, कारण माझी चकती तिला पटत नाही. पहिल्या वर्षी ती स्वयंपाकघरात शिरली आणि विचारलं, "सांग, तुमच्यात काय काय लागते?" मी करंज्या म्हटलं, चकल्या म्हटलं, शंकरपाळे म्हटलं. ती हसली. "मंग दिवाळीचंच तर होय हे! मले वाटलं काय वेगळं अन् काय!" कुलकुल तेवढे तिला नवे होते. मैद्याची गोडसर कणीक, तिची बोराएवढी गोळी फोर्कच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत सोडवायची. शिंपल्यासारखी वळी पडते, मग तळायची. हे काम मुलांचं. त्यांची बोटं त्यासाठीच बनलेली आहेत. धाकटीची कुलकुल शिंपल्यासारखी न होता चपटी होते. तिची वेगळी तळावी लागते, नाहीतर करपते. तिच्या चपट्या कुलकुलांचा वेगळा डबा असतो.

केकसाठी संत्र्याची साल आजीच मुरवते. नागपुरात आंबिया बहाराची संत्री या दिवसांत संपत आलेली असतात, पण अजून गोड असतात. साली ती फेकू देत नाही. पांढरा भाग खरवडून काढायचा, साली उकळायच्या, कडू पाणी दोनदा फेकायचं, मग साखरेच्या पाकात मंद आचेवर मुरवायच्या. घरभर असा वास सुटतो की शेजारचे विचारतात. नोव्हेंबरपासूनच मुलांना ताकीद असते: संत्रं खा, साल टाकू नका, आजीला लागते.

पण आजीने आमच्या नाताळाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. २०२२ मध्ये भेटवस्तूंवर गुंडाळायचा कागद आणायला मी विसरले होते. चोवीस तारखेची रात्र, दुकानं बंद. आजी म्हणाली, कागद कशाला, डबे नाहीत का घरात? तिने स्टीलच्या डब्यात एकेक वस्तू ठेवली, झाकण लावलं आणि सकाळी मुलांना समोर बसवून डबा कानाशी हलवला. "ओळखा खिरापत!"

भुलाबाईची खिरापत. विदर्भातल्या मुली कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत हिंडतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा वाजतो का? खळखळ की खुळखुळ? गोड की तिखट? ओळखलं नाही तर आणखी एक गाणं. माझ्या नणंदा लहानपणी यातच वाढल्या. माझ्या लेकाने त्या सकाळी लाकडी गाडी ओळखायला पंधरा मिनिटं घेतली. मधे त्याला तीन गाणी म्हणावी लागली, आणि त्याने उपासनेतली म्हटली कारण तीच त्याला येत होती. तेव्हापासून आमच्याकडे नाताळच्या भेटी कागदात नसतात. डबे कमी पडले तर शेजारून आणतो.

त्या गाण्यांचीही एक गंमत आहे. सदरची आजी, म्हणजे माझी आई, संध्याकाळी पणत्यांपाशी बसून गाते. तिच्या आवडीची बरीच गीतं नारायण वामन टिळकांची. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. त्याच प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलमधला नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झाले तरी त्यांनी अभंग-ओवी सोडली नाही, तुकोबा सोडले नाहीत. त्यामुळे त्यांची गीतं ऐकताना वर्ध्याच्या आजीला शब्द नवे वाटतात पण चाल ओळखीची. दुसऱ्या कडव्यापासून ती टाळ्यांचा ठेका धरते. दोघी आज्या एका ताटाशी बसलेल्या, एक गाते, दुसरी ठेका धरते. माझ्या मुलांना हे दृश्य विशेष वाटत नाही. त्यांना वाटतं नाताळ म्हणजे असंच असतं.

"आजी, तू नाताळची की पोळ्याची?" लेकाने एकदा विचारलं. "मी वर्ध्याची," आजी म्हणाली आणि शेंगदाणे सोलत राहिली.

एक गोष्ट मात्र सोपी गेली नाही. रात्रीची उपासना.

माझ्या माहेरी ती म्हणजेच नाताळ. रात्री दहाला नवे कपडे, त्यावर स्वेटर, आणि सदरच्या रस्त्यावरून चालत जायचं. चर्चच्या आवारात ओळखीचे चेहरे, प्रत्येकाशी "सलाम", पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, शालींना डांबराच्या गोळ्यांचा वास. बाराला घंटा वाजली की आई माझा हात दाबायची. दरवर्षी. ती काही बोलायची नाही, फक्त हात दाबायची. मला माझ्या मुलांना तो हाताचा दाब द्यायचा होता.

२०२३ मध्ये आम्ही दोघांना घेऊन गेलो. धाकटी दोन वर्षांची. साडेअकराला ती रडायला लागली ते थांबेना. मी तिला शालीत गुंडाळून बाहेरच्या पोर्चमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. दारातून शेवटचं गीत तेवढं ऐकू आलं. घंटा वाजली तेव्हा आई आत होती आणि मी बाहेर. लेक बाकावर झोपून गेला होता. सकाळी दोघंही किरकिरी, डोळे सुजलेले. खिरापतीचे डबे दुपारी उघडले आणि त्यात कोणालाच मजा आली नाही.

पुढच्या वर्षी मी आईला सांगितलं की मुलांना रात्री नेणार नाही. पंचवीसच्या सकाळच्या उपासनेला नेऊ. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी तुला तीन महिन्यांची असताना नेलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. माझ्या घरी तेव्हा कडेवर घ्यायला चार काकू होत्या हे मला बोलता आलं नाही. तिला तरी ते ठाऊक नव्हतं असं कुठे आहे?

त्यातून मार्ग नवऱ्याने काढला. चोवीसच्या संध्याकाळी आमच्या घरी बारा वाजवायचे, आठ वाजता. चारही पणत्या लावायच्या, सगळे दिवे घालवायचे, आई एक गीत म्हणणार, लेक लूकमधल्या चार ओळी वाचणार, आणि देवघरातली घंटा धाकटी वाजवणार. मग सगळ्यांनी एकमेकांचे हात दाबायचे. त्यानंतर मुलांना झोपवायचं. तो घरी थांबणार आणि मी आईला घेऊन रात्रीच्या उपासनेला जाणार. ज्याच्या घरी हा सण नव्हता त्याने माझ्यासाठी ती रात्र राखून ठेवली. हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

धाकटीने त्या वर्षी घंटा एवढी वाजवली की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. त्यांनाही बसवून घेतलं.

आजोबांवरून मोजे आठवले. त्याची सुरुवात सांतावरून झाली. लेकाने विचारलं, सांता खरा का? मी त्याला मायराच्या निकोलसबद्दल सांगितलं, आजच्या तुर्कस्तानातला चौथ्या शतकातला बिशप. त्याच्याबद्दलची कथाही सांगितली. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याच्या तीन थैल्या आत टाकल्या आणि निघून गेला. म्हणून युरोपात मोज्याच्या टोकाला संत्रं ठेवायची रीत पडली असं सांगतात. ते त्या सोन्याच्या जागी. तिकडे हिवाळ्यात संत्रं लांबून यायचं, महाग असायचं, मूल वर्षभर त्याची वाट बघायचं.

लेकाने बाल्कनीकडे पाहिलं. तिथे कळमन्याच्या बाजारातून आणलेली संत्र्यांची पेटी होती. "संत्रा? तो तर आपल्याकडे भरून आहे."

त्याचं बरोबर होतं. ज्या गावात संत्र्याच्या राशी लागतात तिथे मोज्यात संत्रं ठेवून मूल खूश कसं होईल? मी विचारात पडले. पण तो आधीच पुढे गेला होता. "मग आपण देऊ ना. तान्ह्या पोळ्याला आपण घेतो. नाताळला देऊ."

२०२४ च्या चोवीसच्या रात्री, आठचे बारा वाजवून झाल्यावर, मुलांनी आणि त्यांच्या बाबांनी इमारतीतल्या चौदा दारांच्या कड्यांना चौदा मोजे अडकवले, प्रत्येकात एक संत्रं. मोजे जुनेच, जोडी हरवलेले, आजीने धुऊन दिलेले. कोणाला काही सांगितलं नाही, कारण निकोलसनेही सांगितलं नव्हतं. सकाळी जिन्यात कुजबुज झाली. दोन मोजे तसेच कडीला लटकून राहिले, ती कुटुंबं गावाला गेली होती. बाकीच्यांचं काय झालं कळलं नाही, आणि मुलांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

संक्रांतीला खालच्या आजोबांचा मोजा परत आला. धुतलेला, इस्त्री केलेला. आत तिळाचे तीन लाडू.

धाकटी आता चार वर्षांची आहे. यंदा डिसेंबर लागताच ती म्हणाली, "आपण नेहमी मोजे लावतो ना!" नेहमी म्हणजे एकदा. तिच्या आयुष्यात एकदा म्हणजे पुष्कळ झालं. नवऱ्याने हसून माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही मोजे शोधायला लागलो.

यंदा लेक सात वर्षांचा आहे. आठचे बारा वाजले, मोजे लावून झाले, धाकटी झोपली. मी साडी नेसत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. स्वेटर घातलेला, कानटोपी हातात. "मी येऊ का? खऱ्या बाराला?"

मी त्याला बोलावलं नव्हतं. आईनेही नाही.

आम्ही तिघं गेलो. आवारात आईने त्याला प्रत्येकासमोर उभं केलं, "हा माझा नातू," आणि तो प्रत्येकाला सलाम म्हणाला. आत तो आमच्या दोघींच्या मधे बसला. सव्वाअकराला त्याची मान कलली, मी त्याला उठवलं नाही. बाराला घंटा वाजली आणि तो दचकून जागा झाला. आईने त्याचा हात दाबला. त्याने लगेच माझा दाबला, घरी करतो तसा, दोन्ही हातांनी.

परतलो तेव्हा दीड वाजून गेला होता. फाटकाशी चौकीदारकाका शेकोटी करून बसले होते. लेकाने खिशातून संत्रं काढलं. म्हणाला, काकांच्या खोलीच्या दाराला कडी नाही, म्हणून त्यांचा मोजा राहिला होता. काकांनी ते तिथेच सोललं, अर्धं त्याला दिलं, चार फोडी मला. धुरात आणि थंडीत उभ्याने आम्ही ते खाल्लं. काका साल शेकोटीत टाकायला वळले, तर लेकाने त्यांचा हात धरला.

"टाकू नका काका. आजीला लागते."

आणि त्याने ती साल झटकून खिशात ठेवली.